कागद कुणासाठी? स्क्रम प्रकल्पातली नियोजनाची आणि मागोव्याची कागदपत्रं

(कोल्हापुरात तरुण सॉफ्टवेअर अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले बरेच जण दिसतायत आणि मागच्या रांगांत स्वतःची छोटी कंपनी चालवणारेही आहेत. विषय दोघांचा एकच, तक्रार मात्र वेगळी. नोकरीतल्या मुलांना वाटतं, आपल्याला फार कागद भरायला लावतात. कंपनीवाल्यांना वाटतं, कागद नीट भरले जात नाहीत म्हणून प्रकल्प लांबतात. ज्या कागदाकडे बघून उद्याच्या कामाचा एखादा तरी निर्णय बदलतो, तो कागद ठेवायचा, मग तो पेन्सिलीनं लिहिलेला का असेना. ज्याच्याकडे बघून काहीच बदलत नाही, तो कितीही देखणा असला तरी बंद करायचा. स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम ठरावीक मुदतीच्या छोट्या तुकड्यांत करायची पद्धत; तिच्यातली कागदपत्रं मी आज याच कसोटीवर लावून बघणार आहे. आणि मी कागद म्हणेन तेव्हा त्यात भिंतीवरचा फळा, एक्सेलची शीट, जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरचा स्क्रीन, सगळं आलं असं समजा.

अजाइल, म्हणजे थोडं थोडं करत, ग्राहकाला विचारत सॉफ्टवेअर घडवायची रीत. तिच्यात कागदपत्रं नसतात, असं तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं असेल. हे कुठून आलं? फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइल जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आहेत आणि त्यातलं एक असं की सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. लोक एवढंच वाचतात आणि थांबतात. त्या जाहीरनाम्यात पुढे स्पष्ट लिहिलंय की उजव्या बाजूच्या, म्हणजे दस्तऐवजांसारख्या, गोष्टींनाही किंमत आहे, डाव्या बाजूच्या, म्हणजे चालणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या, गोष्टींना आम्ही अधिक किंमत देतो. त्यांचा राग होता तो वर्षभर बसून लिहिलेल्या जाडजूड रिक्वायरमेंटच्या बाडांवर. ती लिहून, सह्या होऊन काम सुरू होईपर्यंत ग्राहकाची गरजच बदललेली असायची. वहीच फेकून द्या असं त्या सतरा जणांपैकी कुणीही म्हटलेलं नाही.

स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत, पण ती या जाहीरनाम्याच्या आधीची. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये नवी उत्पादनं घडवणाऱ्या टीमवर लेख लिहिला आणि रग्बीतली स्क्रमची उपमा वापरली. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये ऑस्टिनमधल्या ऊप्स्ला या सॉफ्टवेअर परिषदेत स्क्रमची मांडणी केली. अधिकृत स्क्रम गाइड २०१० मध्ये आलं, आणि आज चालू असलेली आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची. तेरा पानांची आहे. आज रात्री जेवण झाल्यावर वाचायला घेतलीत तर झोपायच्या आधी संपेल. ती वाचणं तुमच्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगाचं आहे, हे मी मनापासून सांगतो.

त्या तेरा पानांत सांभाळायच्या गोष्टी तीनच: प्रॉडक्ट बॅकलॉग (सगळ्या उत्पादनाच्या कामांची यादी), स्प्रिंट बॅकलॉग (एका स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या एका ठरावीक मुदतीच्या, कामांची यादी) आणि इन्क्रिमेंट (पूर्ण होऊन वापरता येणारा भाग). २०२० पासून प्रत्येकीला एक बांधिलकी जोडली. प्रॉडक्ट बॅकलॉगला प्रॉडक्ट गोल, स्प्रिंट बॅकलॉगला स्प्रिंट गोल, इन्क्रिमेंटला डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे ‘झालं’ कशाला म्हणायचं ते. संपलं. यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या तोंडून लिहिलेली गरज), स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचं माप), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट) हे स्क्रमनं सांगितलेलं नाही. बर्नडाउन, म्हणजे शिल्लक कामाचा आलेख, याचा उल्लेख आहे, पण अंदाज बांधायच्या अनेक पद्धतींपैकी एक म्हणून. २०११ च्या आवृत्तीतच त्याची सक्ती काढून टाकली. उपयोगाचं असेल ते घ्या, पण ‘स्क्रममध्ये हे करावंच लागतं’ असं सांगून कुणी तुमच्यावर लादत असेल, तर ते खरं नाही.

आता उदाहरण घेऊ. बँकेचं किंवा शॉपिंग ॲपचं उदाहरण मी घेणार नाही. आपल्या जिल्ह्यात ज्याच्याशी घरटी कुणाचा ना कुणाचा संबंध येतो ते घेऊ. समजा, एका साखर कारखान्याचं शेती विभागाचं सॉफ्टवेअर तुमच्या टीमला नव्यानं करायचंय. लागण नोंद (उसाच्या लागवडीची), पाळीपत्रक (कुणाचा ऊस कधी तोडायचा तो क्रम), तोडणी चिठ्ठी, वजनकाटा, ऊसबिल, तोडणी-वाहतुकीचं बिल, सभासदांची सवलतीची साखर, आणि शेतकऱ्याला मोबाइलवर ‘माझी तोड कधी?’ हे दिसणं.

ही यादी झाली, पण अजून बॅकलॉग झाला नाही. प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे क्रम लावलेली यादी. सगळा जोर क्रमावर आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांत यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हाय प्रायॉरिटी’ लिहिलेलं असतं. शेती अधिकाऱ्यांना नोंद आधी हवी, अकौंट्सला बिल आधी हवं, ईडीपीवाल्यांना, म्हणजे संगणक विभागाला, जुना डेटा आधी चढवून हवा, संचालकांना मोबाइल ॲप हवं कारण वार्षिक सभेत दाखवायचंय. सगळ्यांचंच पहिलं. अशा यादीकडे बघून सकाळी आलेला प्रोग्रॅमर एकच करू शकतो: ज्याचा फोन शेवटचा आला त्याचं काम. म्हणून स्क्रम सांगतं की क्रमाचा धनी एकच माणूस असावा, प्रॉडक्ट ओनर. समिती नको. त्यानं सगळ्यांचं ऐकावं, पण एकाखाली एक लावायचं काम त्याचं, आणि त्याचा निर्णय सगळ्यांनी मानायचा. तो तुमच्या कंपनीतला कुणीतरी पोरगा नेमून चालत नाही. ज्याच्या शब्दाला कारखान्यात वजन आहे असा माणूस लागतो. असा माणूस मिळेपर्यंत कोड लिहायला बसू नका, असं मी छोट्या कंपन्यांना कळकळीनं सांगत असतो.

बॅकलॉगच्या वरच्या टोकाची कामं लहान आणि स्पष्ट असतात, खालची मोठी आणि धूसर. हे मुद्दाम. सभासद साखरेचा तपशील आज लिहून काढलात तर तो दिवाळीपर्यंत तीनदा बदलेल. वरचं काम मात्र पुढच्या आठवड्यात हातात घ्यायचंय, त्याला फोडावं लागतं. ही फोड सतत चालू ठेवायची, तिला रिफाइनमेंट म्हणतात, आणि माझ्या मते स्क्रममधला सर्वात दुर्लक्षित भाग हाच.

एक कार्ड जवळून बघू. यूजर स्टोरीची चाल एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अजाइल पद्धतीतून आली. रॉन जेफ्रीज यांनी तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, संवाद आणि खातरजमा. आपल्याकडे कार्ड लिहितात, खातरजमेच्या चार ओळी लिहितात, आणि मधला संवाद गाळतात. आपलं कार्ड चिटबॉयचं, म्हणजे शेतावर जाऊन उसाच्या नोंदी घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाचं: ‘चिटबॉय म्हणून मला शेतातच लागण नोंद करता यावी, म्हणजे गट ऑफिसला येऊन पुन्हा रजिस्टरमधून उतरवावं लागणार नाही.’ वाचायला सोपं आहे. दोन दिवसांचं काम, फॉर्म करायचा, सेव्ह करायचं.

आता हे कार्ड घेऊन खऱ्या चिटबॉयजवळ बसा. तो पहिलीच गोष्ट सांगेल की गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला शेतात रेंजच नसते. म्हणजे नोंद फोनमध्ये साठली पाहिजे आणि रेंज आली की पुढे गेली पाहिजे. मग तो सांगेल की सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, पण शेतकरी बोलतो गुंठ्यात आणि एकरात. दोन्ही घेता आलं पाहिजे. एकाच गट नंबरावर तीन भावांची नावं, आणि ऊस तिघांचा वेगवेगळा. एकाची आडसाली, दुसऱ्याची पूर्वहंगामी, तिसऱ्याचा खोडवा. गट नंबर एकदाच चालेल असा नियम तुम्ही डेटाबेसमध्ये घातला असेल, तर दुसऱ्या भावाची नोंदच होणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे लागणीची तारीख. पाळीपत्रक त्या तारखेवर लागतं. तारीख आठ दिवसांनी मागची-पुढची झाली तर एखाद्याची तोड कितीतरी लांबते आणि शेतात उभ्या उसाचं वजन घटायला लागतं. म्हणून नोंदीनंतर तारीख बदलायचा अधिकार कुणाला, आणि बदलली तर जुनी तारीख दिसत राहिली पाहिजे का, हा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न प्रोग्रॅमरनं सोडवायचा नाही, शेती अधिकाऱ्यांनी सोडवायचा.

बघा, दोन दिवसांचं एक कार्ड होतं, त्याची पाच झाली. यातलं काहीही आधीच्या दीडशे पानी बाडात सापडलं नसतं, कारण ते बाड लिहिणाऱ्यानं चिटबॉयला विचारलंच नसतं. कार्डावर जागा थोडी असते ते चांगलंच आहे. सगळं त्यावर मावत नाही, म्हणून माणसाकडे जावं लागतं. आणि बोलणं झाल्यावर जे ठरलं ते मात्र कार्डाच्या मागे, ज्या मराठीत चिटबॉयनं सांगितलं त्याच मराठीत लिहा. ‘नोंद ऑफलाइन झाली पाहिजे. एकाच गट नंबरावर वेगवेगळ्या खातेदारांच्या नोंदी झाल्या पाहिजेत. लागण तारीख बदलली तर कुणी आणि कधी बदलली ते दिसलं पाहिजे.’ इंग्रजीत सुबक करून लिहिलं की ते चिटबॉयला वाचून दाखवता येत नाही, आणि त्याला वाचून दाखवलं नाही तर बरोबर लिहिलंय की नाही हे कळणार कसं?

अंदाजाबद्दल थोडक्यात. प्लॅनिंग पोकर तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये तो मांडला आणि माइक कोन यांनी लोकप्रिय केला. १, २, ३, ५, ८, १३ अशी पानं असतात, सगळ्यांनी एकदम उघडायची. त्यातून येणाऱ्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. एकानं ३ दाखवले आणि दुसऱ्यानं १३, तर दोघांपैकी एकाला असं काही माहीत आहे जे दुसऱ्याला माहीत नाही. ते बोलून घ्यायचं. सरासरी काढून ८ लिहिलेत तर ती माहिती तिथेच बुडाली.

आता स्प्रिंट बॅकलॉग. स्प्रिंट म्हणजे एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचा ठरावीक तुकडा. बहुतेक टीम दोन आठवड्यांचा घेतात. सुरुवातीच्या नियोजनात तीन प्रश्न असतात: हा स्प्रिंट कशासाठी, त्यात कोणती कामं घ्यायची, आणि ती कशी करायची. त्या तीन उत्तरांचा मिळून स्प्रिंट बॅकलॉग होतो. पहिलं उत्तर म्हणजे स्प्रिंट गोल, आणि ते बहुतेक जण भरायचं म्हणून भरतात. ‘जिरामधली १२ तिकिटं पूर्ण करणे’ याला गोल म्हणत नाहीत. गोल असा पाहिजे: ‘या स्प्रिंटअखेर एका गट ऑफिसचे चिटबॉय रेंज नसतानाही लागण नोंद करू शकतील आणि संध्याकाळी ती नोंद ऑफिसात दिसेल.’ फरक कधी कळतो? सातव्या दिवशी, जेव्हा कळतं की सगळं होणार नाही. बारा तिकिटांच्या टीमला कुठलं सोडायचं ते समजत नाही, मग सगळीच अर्धवट राहतात. दुसऱ्या टीमला लगेच समजतं की क्षेत्राचा रंगीत नकाशा सोडता येईल, ऑफलाइन नोंद सोडता येणार नाही.

स्प्रिंट बॅकलॉग डेव्हलपर्सचा असतो. मॅनेजरचा नव्हे, ग्राहकाचाही नव्हे. मधेच व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘साहेबांनी सांगितलंय, हे आजच करा.’ आपल्याकडे साहेबांना नाही म्हणणं अवघड, हे मला मान्य आहे. पण त्याला नाही म्हणायची गरजच नाही. फळ्यासमोर उभं राहून विचारा, ‘साहेब, हे घेतो. यातलं कुठलं काढू?’ फळा समोर असला की हा प्रश्न उद्धट वाटत नाही. फळा नसला की तोच प्रश्न कामचुकारपणासारखा ऐकू येतो. साहेबांना उत्तर देता येत असेल तर बदल खरोखर गरजेचा आहे. नसेल, तर बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, ‘बरं, पुढच्या वेळी बघू.’

२०११ मध्ये स्क्रम गाइडमध्ये एक बदल झाला, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामांबद्दल आधी टीम बांधिलकी देते असं होतं; तिथे अंदाज असं झालं. तुम्ही बारा कामं घेतलीत आणि दहा झाली, तर तो अंदाज चुकला, वचनभंग झाला नाही. पण आजही कितीतरी ठिकाणी दोन कामं राहिली की शुक्रवारी मुलांना स्पष्टीकरणाचा मेल लिहायला लावतात. मग मुलं पुढच्या वेळी आठच कामं घेतात आणि आठ पूर्ण करतात. कागद शंभर टक्के दाखवतो आणि काम मात्र कमी झालेलं असतं.

इथून मी बर्नडाउनकडे येतो, कारण हा रोग तिथे सर्वात जास्त दिसतो. उभ्या अक्षावर शिल्लक काम, आडव्यावर दिवस. रोज शिल्लक किती ते टिंब ठेवायचं. इतकं सोपं चित्र, पण त्याचा गैरवापर फार.

पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर ते आकडे बघितल्याशिवाय जुलै-ऑगस्टात कुणाला झोप लागत नाही. पातळी फूट-इंचात येते, आणि ती वाचून नदीकाठच्या आंबेवाडी, चिखलीत लोक जनावरं हलवायचं ठरवतात, कुणी दुकानातला माल वरच्या मजल्यावर चढवतो, कुणी पुण्याहून यायचं रद्द करतो. आता विचार करा, पातळी वाढली म्हणून मोजणाऱ्याला कुणी झापतं का? त्याला कुणी सांगतं का, की आज जरा दोन इंच कमी लिही, वरचे नाराज होतील? ज्या दिवशी असं व्हायला लागेल, त्या दिवसापासून चिखलीतला माणूस त्या आकड्यावर विसंबणार नाही. आणि मग आकडा छापला काय, न छापला काय.

बर्नडाउनचं नेमकं हेच होतं. समजा, दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये वजनकाट्याचं काम घेतलंय. पहिल्या दिवशी १२० तास शिल्लक. तिसऱ्या दिवसाअखेर ९६. चौथ्या दिवशी टीममधली एक मुलगी कारखान्यावर जाते, केनयार्डाजवळच्या, म्हणजे उसाची वाहनं थांबतात त्या आवाराजवळच्या, काट्याच्या इंडिकेटरची केबल लॅपटॉपला जोडते आणि बघते तर वजनाचा आकडा ज्या स्वरूपात येईल असं धरलं होतं तसा येत नाही. ट्रॉली काट्यावर हलत असतानाचे आकडेही मधे येतात. स्थिर वजन ओळखायचं काम नव्यानं करावं लागणार. ती संध्याकाळी शिल्लक तास लिहिते: ११०. रेषा वर चढली.

हा त्या स्प्रिंटमधला सर्वात मौल्यवान क्षण आहे. अजून सहा दिवस हातात आहेत. प्रॉडक्ट ओनरशी बोलता येतं, चिठ्ठीची छपाई पुढे ढकलता येते, दुसऱ्याला तिच्या मदतीला देता येतं. पण तिला माहीत असेल की रेषा वर चढली की उद्या सगळ्यांसमोर विचारणार, ‘तुझं आधीच लक्ष कुठं होतं?’, तर ती ११० लिहिणारच नाही. ७२ लिहील, कारण आदर्श रेषा, म्हणजे रोज सारखंच काम उतरत गेलं तर दिसणारी सरळ रेषा, तिथे आहे. पाचव्या दिवशी ६०. नवव्या दिवशी सगळं बाहेर येईल आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसेल. तुमच्या भिंतीवर दर स्प्रिंटला आदर्श रेषेला चिकटून उतरणारा बर्नडाउन असेल, तर अभिमान वाटू देऊ नका. टीममधल्या माणसांशी एकेकट्यानं, शांतपणे बोला.

व्हेलॉसिटीचंही तेच. एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम खरोखर पूर्ण झालं त्याचा आकडा. त्याचा उपयोग एकच, त्याच टीमला पुढचा अंदाज बांधायला. दोन टीमची तुलना केली की आकडा मेला. एका टीमचे ५ म्हणजे दुसरीचे ८ असू शकतात, कारण दोघींनी आपापल्या मनानं माप धरलेलं असतं. त्यावर पगारवाढ ठरवायला लागलात तर आठवड्याभरात सगळ्या कार्डांचे पॉइंट वाढलेले दिसतील आणि कोड तेवढाच असेल. कंपनी चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हा आकडा पगाराच्या फाइलपासून लांब ठेवा.

अडथळ्यांची यादी आणि रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे स्प्रिंटअखेर मागे वळून बघायच्या बैठकीत, ठरलेल्या सुधारणा, या दोन्हींसाठी वेगळं बाड नको. फळ्याचा एक कोपरा पुरतो. फक्त प्रत्येक ओळीपुढे ती कोण उचलणार त्याचं नाव पाहिजे, आणि सुधारणांपैकी एक तरी पुढच्या स्प्रिंटच्या कामातच घालायची, नाहीतर ती होत नाही.

डेफिनिशन ऑफ डनवर मात्र थांबतो, कारण बाकी सगळे आकडे याच्यावर उभे आहेत. ‘झालं’ म्हणजे काय? प्रोग्रॅमरला विचारा, तो म्हणेल झालंय, फक्त टेस्टिंग राहिलंय. टेस्टर म्हणेल झालंय, सर्व्हरवर चढवायचं बाकी आहे. या ‘फक्त’मध्ये प्रकल्पाचे महिने जातात. आपल्या कारखान्याच्या कामात मी असं लिहून घेईन: दुसऱ्या माणसानं कोड वाचलाय. साध्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर, उन्हात, रेंज बंद करून चालवून बघितलंय. नावं मराठीत टाइप करून, जोडाक्षरं न तुटता छापून आली आहेत. एका गट ऑफिसची जुन्या रजिस्टरमधली क्षेत्राची बेरीज आणि सॉफ्टवेअरमधली बेरीज जुळली आहे. आणि खऱ्या चिटबॉयनं स्वतःच्या हातानं एक नोंद करून बघितली आहे. यातलं एक राहिलं तरी ते काम झालं नाही. व्हेलॉसिटीत शून्य. अर्धे पॉइंट द्यायचे नाहीत, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवायचंही नाही. ते परत बॅकलॉगमध्ये जातं. कडक वाटेल, पण यामुळेच बाकीच्या कागदांवरचे आकडे खरे राहतात.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय. ‘ग्राहक हे काही ऐकत नाही. तो विचारतो, तारीख सांगा. तेव्हा कुठला कागद दाखवायचा?’ प्रश्न रास्त आहे. ग्राहकानं तारीख विचारणं चूक नाही, विशेषतः आपल्या या ग्राहकानं. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, सुरुवात मंत्री समिती ठरवते, आणि गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की तुमच्या सॉफ्टवेअरसाठी कारखाना थांबत नाही. ‘आम्ही अजाइल आहोत, तारीख देत नाही’ असं म्हणणाऱ्याला काम मिळू नये हेच बरं.

रिलीज प्लॅन, म्हणजे काय कधी हातात देणार त्याचा आराखडा, काढा. समजा आज १ जून आहे आणि बॅकलॉगमध्ये १८० पॉइंट शिल्लक आहेत. मागच्या पाच स्प्रिंटची व्हेलॉसिटी २२, १८, २५, १५, २०. सरासरी २०, म्हणजे नऊ स्प्रिंट, अठरा आठवडे, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ही एकच तारीख सांगून मोकळे होऊ नका, कारण सरासरी म्हणजे कधी त्याच्या आधी, कधी नंतर. सर्वात चांगल्या वेगानं, २५ धरून, आठ स्प्रिंट लागतील: सप्टेंबरचा तिसरा आठवडा. सर्वात कमी वेगानं, १५ धरून, बारा स्प्रिंट: नोव्हेंबरचा मध्य. तेव्हा काटा कधीच सुरू झालेला असेल. हे दोन टोकांचं उत्तर घेऊनच ग्राहकाकडे जायचं.

ते ऐकून त्याचा चेहरा उतरेल. तिथेच बॅकलॉगचा क्रम कामाला येतो. त्याच्यासमोर यादी ठेवा आणि विचारा, पहिली ट्रॉली काट्यावर येईल त्या मिनिटाला काय चालू असलंच पाहिजे? लागण नोंद, पाळीपत्रक, तोडणी चिठ्ठी, वजनकाटा. यांचे मिळून समजा १०५ पॉइंट. सर्वात कमी वेगानंही सात स्प्रिंट, सप्टेंबरचा पहिला आठवडा संपता संपता हातात. म्हणजे केनयार्डात प्रत्यक्ष चाचणीला महिना मिळतो. ऊसबिलाचं काय? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यायचे असतात. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की बिलाचा भाग पहिल्या दिवशी लागत नाही, पण पहिल्या पंधरवड्याच्या आत तो चोख लागतो. त्याचे ३५ पॉइंट धरले तर एकूण १४०. सर्वात कमी वेगानं दहा स्प्रिंट, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. हंगाम अगदी लवकर सुरू झाला तरी पहिलं बिल निघायला वेळ आहे. त्याच्या खाली रेषा मारा. रेषेखाली उरतात ४० पॉइंट: सभासद साखर, संचालकांसाठीचे रिपोर्ट, शेतकऱ्यांचं मोबाइल ॲप.

बैठकीत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणेल, मोबाइल ॲप वार्षिक सभेआधी पाहिजे. म्हणू दे. त्याचे २० पॉइंट वर सरकवा आणि त्याच क्षणी, त्यांच्यासमोर, काटा आणि बिल दोन्ही किती पुढे जातात ते लिहून दाखवा. १५ च्या वेगानं २० पॉइंट म्हणजे एक पूर्ण स्प्रिंट आणि वर थोडं, धरून चाला तीन आठवडे. चाचणीचा महिना गेला, उरला एक आठवडा. निर्णय त्यांचा. काय ठरलं, रेषा कुठे सरकली आणि ती कुणी सरकवली, हे प्रॉडक्ट ओनरच्या हस्ताक्षरात त्याच कागदावर, तारखेसह लिहून घ्या, आणि तो कागद टीम बसते तिथे लावा.